सहीपुरती अक्षरं

मंगल गिरणीत ‘सेवा रविवार’ सुरू झाला, तेव्हा जीवराम झांबरेला त्यातलं काहीच नको होतं. सहा दिवस हजेरीच्या खिडकीत बसून अडीच हजार माणसांच्या नावांपुढे खुणा करायच्या आणि सातव्या दिवशी सकाळची मोटार धरून फैजपूरला आईच्या हातचं जेवायला जायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. पण थोरले दलिचंदशेठ थकले होते आणि मुंबईहून शिकून आलेले त्यांचे चिरंजीव महावीरशेठ जळगावच्या गिरणीचा कारभार पाहू लागले होते. स्वातंत्र्याला सात वर्षं झाली होती, जो तो पंचवार्षिक योजनेवर बोलत होता, आणि तरुण शेठना मनापासून काहीतरी करायचं होतं. हे त्यांच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढे सांगायला जागा मिळणार नाही.

त्यांनी फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस लावली. प्रत्येकाने महिन्याचे दोन रविवार समाजाला द्यावेत, आणि तेही स्वेच्छेने. कोणी नशिराबादच्या रस्त्यावर खडी टाकावी, कोणी मेहरूणच्या तळ्यातला गाळ काढावा, शिकलेल्यांनी शिकवावं. स्वेच्छेने म्हणजे कसं, तर जो येणार नाही त्याचं नाव सोमवारी सकाळी हेडक्लार्क तोतारामभाऊंच्या टेबलावर हजर असायचं. जीवराम मॅट्रिक झालेला होता. खडीपेक्षा खडू बरा, असा हिशेब करून तो शिकवायला उभा राहिला आणि त्याच्या वाट्याला कांडीखातं आलं.

कांडीखातं म्हणजे बायकांचं खातं. मोठ्या लडीवरचं सूत उकलून विणकरांच्या धोट्यात बसतील अशा छोट्या कांड्यांवर भरायचं, दिवसभर उभं राहून. तिथे बेचाळीस बाया होत्या आणि बेचाळीसच्या बेचाळीस अंगठा उठवणाऱ्या. पगाराच्या दिवशी त्यांचा अंगठा शाईत बुडवायचा, कागदावर दाबायचा, शेजारी साक्षीदाराने सही करायची आणि ‘वाचून दाखविले’ असा शेरा मारायचा, अशी गिरणीची जुनी रीत होती. कारकुनांना ती नकोशी वाटे, कारण त्यात वेळ जाई. बायांना वेगळ्या कारणाने नकोशी वाटे. अंगठ्याची शाई दोन दिवस भाकरीच्या पिठात दिसायची.

रविवारी आठ वाजता, रुईच्या जुन्या गोदामाच्या पडवीत वर्ग भरू लागला. पहिल्या दिवशी एकतीस आल्या, दुसऱ्या रविवारी बावीस. तिसऱ्याला सगळ्या आल्या, कारण तोतारामभाऊंनी खात्यात फेरी मारली होती. धुरपदाबाई तेवढी पहिल्यापासून, कोणी न सांगता यायची. पंचेचाळिशीची, पारोळ्याकडची, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. गिरणीच्या चाळीत एकटी राहायची आणि तोंडाने तिखट होती. जीवराम तिला अक्का म्हणायचा आणि मनातून तिला थोडा भ्यायचा.

“मास्तर,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “पाटीवरनं बठ्ठं पुसाई जास. डोकामा कसं राही ते शिकाडा.”

दोन महिने त्याने सरळ मार्गाने शिकवलं. अ, आ, इ, ई. बायांचे हात सुताने कापलेले, बोटं पेन्सिलीवर ठरत नसत. एका रविवारी शिकलेलं पुढच्या खेपेला कोरं. ‘ग’ आणि ‘म’ यांत फरक काय, हे सांगता सांगता त्याचा घसा बसायचा आणि समोर कोणीतरी भिंतीला टेकून डुलकी काढत असायचं. त्याला राग येत नसे. सहा दिवस उभं राहिलेल्या बाईने सातव्या दिवशी डुलकी काढली तर तिचं काय चुकलं? पण मग एके दिवशी महावीरशेठनी त्याला बोलावलं आणि सांगितलं की मार्चमध्ये शिक्षणखात्याचे मोठे साहेब गिरणी पाहायला येणार आहेत, त्यांना एक तरी खातं शंभर टक्के साक्षर झालेलं दाखवायचं आहे.

“होईल ना?” शेठ म्हणाले. “तुमच्यावर विसंबून आहे मी.”

आजवर त्याच्यावर कोणी विसंबलं नव्हतं. हजेरीच्या खिडकीतल्या माणसाकडे लोक बघतही नाहीत, खिडकीकडे बघतात. तो हो म्हणून बसला.

मग त्याला युक्ती सुचली. मुळाक्षरं बाजूला ठेवायची. जिचं नाव सुगंधा, तिला तिच्याच नावातली अक्षरं शिकवायची, बाकीची कशाला? तीही अक्षरं म्हणून नाहीच. रांगोळीचं ठिपक्यांचं चित्र असतं ना, तसं आख्खं नाव एक चित्र म्हणून गिरवायचं. इथून सुरुवात, इथे वळण, इथे रेघ, उकार म्हणायचंच नाही, खाली शेपटी. बायांना हे एकदम जमलं. रांगोळी त्यांच्या बोटात होतीच. सहा रविवारांत बेचाळीसही जणींना सही येऊ लागली. बेबाबाईचं नाव सगळ्यांत सोपं म्हणून बाकीच्या तिला चिडवायच्या. धुरपदाबाईचं सगळ्यांत अवघड, पण तिने ते सर्वांत आधी पुरं केलं आणि मग पाटीवर पंधरा वेळा लिहून आणलं, एकाखाली एक.

“आते पुढलं शिकाडा,” ती म्हणाली.

“मार्चनंतर, अक्का.”

मार्चमध्ये साहेब आले. बायांनी एकेक करून फळ्यावर आपलं नाव लिहिलं आणि टाळ्या पडल्या. साहेबांनी विचारलं, “वाचताही येतं ना सगळ्यांना?” महावीरशेठनी जीवरामकडे पाहिलं. जीवरामने मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. पण संध्याकाळी बेचाळीस छापील प्रमाणपत्रं त्याच्यासमोर आली, आणि प्रत्येकावर होतं, ‘हिला मराठी लिहिता-वाचता येते, याची मी खात्री करून घेतली आहे.’ खाली त्याचं नाव, हुद्दा ‘स्वयंसेवक शिक्षक’. त्याने पेन उचललं तेव्हा क्षणभर हात अडला, हे खरं. मग त्याला वाटलं की पुढे शिकवणारच आहोत आपण, दोन-चार महिन्यांनी खरंच होईल हे, आज लिहिलं काय आणि तेव्हा लिहिलं काय. त्याने बेचाळीस सह्या केल्या. धुरपदाबाईने आपलं प्रमाणपत्र काचेत बसवून घेतलं आणि देवाच्या शेजारी टांगलं.

पुढचं शिकवणं राहून गेलं. आधी उन्हाळा, मग पावसाळ्यात पडवी गळायला लागली, मग सेवा रविवारांची गाडी वृक्षारोपणाकडे वळली. जीवरामचं नाव मात्र होत राहिलं. गिरणीच्या मासिक पत्रकात त्याचा फोटो आला. दिवाळीनंतर धुळ्याला समाजसेवकांचं संमेलन भरलं, तिथे ‘गिरणी आणि साक्षरता’ या विषयावर बोलायला त्याला गिरणीने स्वतःच्या खर्चाने पाठवलं. तो नवा कोट शिवून गेला, तीन दिवस राहिला आणि लोकांनी वाहवा केली ती मनापासून चाखली.

तो सोमवारी कामावर आला, मस्टर उघडलं आणि कांडीखात्याच्या पानावर बेचाळीस नावांवरून लाल रेघ गेलेली त्याला दिसली. आधी त्याला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. मग फाटकाबाहेरचा गलका ऐकू आला. बाया बाहेर उभ्या होत्या आणि पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता.

तो तोतारामभाऊंकडे धावला. तोतारामभाऊ विड्याचं पान लावत होते. चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही.

“राजीनामे दिलेत त्यांनी,” ते म्हणाले. “कांड्या भरायची नवी यंत्रं येतायत विलायतेहून. सहा माणसांत सगळं खातं चालेल. काढून टाकल्या असत्या तर नव्या कायद्याने भरपाई द्यावी लागली असती. राजीनाम्याला काही लागत नाही.”

“त्या राजीनामा कशाला देतील?”

“सह्या आहेत ना.” त्यांनी कपाटातून गठ्ठा काढून समोर ठेवला. बेचाळीस कागद, आणि प्रत्येकाखाली ते चित्र. इथून सुरुवात, इथे वळण, इथे रेघ. जीवरामला प्रत्येक सही ओळखू आली. धुरपदाबाईचा ‘ध’ थोडा पाठीत वाकायचा, तसाच वाकलेला होता.

“तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“वर्गाचे कागद आहेत म्हटलं. मास्तर धुळ्याला गेलेत, त्यांना हवेत.” तोतारामभाऊंनी पान तोंडात घातलं. “अंगठा असता तर साक्षीदार लागला असता, वाचून दाखवावं लागलं असतं. वाचून दाखवलं असतं तर एकीनेही उठवला नसता. सहीवाल्याला कोण वाचून दाखवतं? आणि त्यांना वाचता येतं याचं प्रमाणपत्र आहेच आपल्याकडे. जीवरामभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. वरून आलेलं आहे. मी नाही, तुम्ही नाही.”

पण जीवराम होताच त्यात. त्याच्या नावावर सह्या मागितल्या होत्या, त्याने शिकवलेल्या हाताने त्या केल्या होत्या आणि त्याच्याच सहीने त्या पक्क्या झाल्या होत्या. त्याच्याशिवाय हे जमलंच नसतं. केसाने गळा कापला म्हणतात, तो केस त्याने सहा रविवार बसून वळला होता.

तो महावीरशेठच्या खोलीत गेला. शेठ टेबलावरच्या काचेकडे पाहत होते. “बापूजींचा निर्णय आहे,” ते वडिलांचा हवाला देत म्हणाले. “मला उशिरा कळलं.” ते खरं होतं की नाही, हे जीवरामला कधीच समजलं नाही. मग शेठनी वर पाहिलं आणि जरा उमेदीने म्हणाले, “तुमचा वर्ग मात्र बंद पडू द्यायचा नाही. पुरुषांचं खातं घेऊ या आता.” जीवराम बाहेर आला.

संध्याकाळी तो चाळीत गेला. न जाता त्याला जेवणही गेलं नसतं. चाळीच्या अंगणात बाया बसल्या होत्या. कोणी शिव्या दिल्या नाहीत. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. सुगंधाबाई दोन पोरींची आई, नवरा खाटेला खिळलेला. ती एवढंच म्हणाली, “तुम्हनं नाव सांगं त्यासनी, म्हनीसन आम्हीन सही करी.” तिच्या दारातल्या माठावर झाकण म्हणून तिची पाटी ठेवलेली होती. वर्ग बंद पडल्यापासून ती तिथेच असावी.

गिरणी कामगारांच्या संघाचा झुलाल नावाचा कार्यकर्ता होता, पूर्वी विणकर, खटले लढवून लढवून वकिलासारखा झालेला. त्याने धुळ्याला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे बेचाळीस अर्ज लावले. मग तो जीवरामकडे आला.

“सगळं एका गोष्टीवर आहे,” तो म्हणाला. “बायांना वाचता येत नव्हतं, हे सिद्ध झालं की राजीनामे रद्द. आणि ते सिद्ध व्हायला आड येतं तुमचं प्रमाणपत्र. ते खोटं होतं असं साहेबांपुढे सांगाल का?”

“सांगेन.”

“नोकरी जाईल.”

“जाईल.”

हे तो इतक्या चटकन बोलला की झुलालने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. जीवराम शूर नव्हता. पण रोज सकाळी त्या पानावरच्या लाल रेघेखालून नावं वाचायची, यापेक्षा घरी बसणं त्याला सोपं वाटत होतं.

त्याच आठवड्यात, रविवारी, धुरपदाबाई मेहरूणला त्याच्या खोलीवर आली. दिवसा ती आता नशिराबादकडे कापूस वेचायला जात होती, हाताला बोंडांच्या काट्यांचे ओरखडे होते. पदराखालून तिने पाटी काढली.

“अर्धं शिकाडं तुम्हीन,” ती म्हणाली. “आते पूरं शिकाडा.”

“अक्का, कशाला आता—”

“बाकीन्या हात लावत नही पाटीले. त्या म्हंतस, अक्षरनीच घात करा. मी म्हंते, अक्षरनी नही करा. आपले येत नव्हतं म्हनीसन घात व्हयना.” ती ओट्यावर बसली. “माले त्या कागदवर काय लिखेल व्हतं ते वाचनं शे. दुसरानी वाची दावाले नको. मी वाचसू.”

चार महिने त्याने तिला शिकवलं. या वेळी अ पासून, एकही अक्षर न गाळता. शिकवण्यात असं सुख असतं हे त्याला या बाईने दाखवलं आणि त्या सुखाची त्याला लाजही वाटली, कारण ते आधीच बेचाळीस जणींना द्यायचं होतं. ती रागाने शिकत होती. कापूस वेचताना काना-मात्रा पाठ करायची, रस्त्याने येताना दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर जुळवायची, रॉकेलच्या डब्यावरचं, एस.टी.च्या पाटीवरचं, तंबाखूच्या पुडीच्या कागदावरचं, जे दिसेल ते वाचायची. जोडाक्षरांशी ती आठ दिवस भांडली. माघ संपता संपता तिने त्याच्या खोलीतल्या जुन्या वर्तमानपत्राचं आख्खं पान बोट न ठेवता वाचलं, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, “आते जमनं.”

सुनावणीच्या आदल्या दिवशी झुलालला हे कळलं. तो मेहरूणला आला तो दारातच उभा राहिला. चांगलाच संतापला होता.

“वाचायला शिकवलंत? आता? मास्तर, आपला सगळा दावा त्यांना वाचता येत नाही यावर आहे आणि तुम्ही एकीला वाचायला शिकवून बसलात?”

“तेव्हा येत नव्हतं, हे तर खरंच आहे.”

“तेव्हाचं उद्या कोणाला दिसणार आहे? साहेब कागद हातात देतील आणि वाच म्हणतील. उद्या जे दिसेल तेच खरं धरतील.” तो खाली बसला, डोक्याला हात लावून. “तिला सांगा, उद्या कागद बघून मान हलवायची. येत नाही म्हणायचं. एवढं एकदा. तुमचं ऐकेल ती.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने सगळी मंडळी धुळ्याला निघाली. एरंडोल सोडल्यावर जीवराम उठून धुरपदाबाईच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसला. तो काय सांगायला आलाय हे तिला कळलं असावं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“अक्का, आज येत नाही म्हणा. तेव्हा येत नव्हतंच ना? खोटं काही नाही त्यात. तुमचं काम परत मिळेल.”

पारोळं आलं, तिचं माहेर, तरी तिने उतरून पाणीसुद्धा घेतलं नाही. मोटार पुन्हा सुरू झाल्यावर ती म्हणाली, “देखसू, मास्तर.” त्याच्यावर तिचा रोष नव्हता. पण होकारही नव्हता.

अधिकारी मध्यमवयाचे, चष्म्यातून पाहणारे, घाई न करणारे गृहस्थ होते. गिरणीच्या बाजूने वकील आले होते. आधी जीवरामला उभं केलं. प्रमाणपत्र खोटं होतं, असं त्याने सांगितलं. नावापुरतं शिकवलं होतं, एका बाईलाही वाचता येत नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

“माहीत असून सही केलीत?” वकिलांनी विचारलं.

“केली.”

“बेचाळीस वेळा?”

“बेचाळीस वेळा.”

“म्हणजे गरज पडली की तुम्ही खोटं लिहून देता.”

जीवरामने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. “तेव्हा दिलं,” तो म्हणाला.

मग बाया. एकेकीच्या हातात तिचाच राजीनामा दिला गेला. एकेकीने सहीवर बोट ठेवून आपलं नाव सांगितलं आणि वरच्या ओळींवर बोट आलं की मान हलवली. बेबाबाईला रडू फुटलं. सुगंधाबाई म्हणाली, “हाई मन्हं नाव शे साहेब, बाकी माले काही येत नही.” अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं. झुलालने मागे वळून जीवरामला डोळ्यांनी धीर दिला. एकेचाळीस झाल्या. शेवटी धुरपदाबाई उभी राहिली.

तिने कागद घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि डोळ्यांपासून थोडा लांब नेला. जीवराम मनातल्या मनात म्हणत होता, मान हलवा अक्का, नुसती मान हलवा. मान हलवण्याची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक होती? तरी तो तेच म्हणत होता.

“मी, खाली सही करणार,” धुरपदाबाईने वाचलं, “धुरपदाबाई भ्रतार कै. वना पाटील, कांडीखाते, घरगुती अडचणीमुळे आपल्या कामाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझे गिरणीकडे कोणतेही मागणे राहिलेले नाही. हा मजकूर मी स्वतः वाचून व समजून घेतला आहे.”

‘कै.’ पाशी ती अडली होती आणि तिने तो ‘कैलासवासी’ असा पुरता उच्चारला होता. त्याखेरीज ती कुठेही अडखळली नाही. जीवरामच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली विद्यार्थीण चांगलं वाचते या अभिमानाने आलं, की आता ती बुडाली या भीतीने, हे त्याचं त्यालाही वेगळं करता आलं नाही.

वकील समाधानाने मागे टेकले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “बाई, तुम्हाला वाचता येतं.”

“आते येस, साहेब. तवय येत नव्हतं. येतं तं मी सही करती का?”

“कधी शिकलात?”

“चार महिना व्हयनात. मास्तरनी शिकाडं.”

“दुसरं कोणी सांगू शकेल?”

“मी सांगते,” सुगंधाबाई मागून म्हणाली. “तिले येत नव्हतं.” अधिकारी म्हणाले, तुम्ही स्वतः अर्जदार आहात, तुमची साक्ष चालणार नाही. मग त्यांनी जीवरामला पुन्हा पुढे बोलावलं, आणि जीवरामने आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं इतक्या तळमळीने सांगितलं. डिसेंबर ते मार्च, दर रविवारी, अ पासून. बोलताना त्याला दिसत होतं की साहेब ऐकतायत, लिहीत मात्र नाहीत. त्याचा शब्द त्याने स्वतःच तासाभरापूर्वी मोडीत काढला होता.

परतीच्या मोटारीत झुलाल पुढच्या बाकावर पाठ करून बसला. जीवरामने धुरपदाबाईला विचारलं, का वाचलंत म्हणून. त्याला राहवलं नाही.

“तुम्हीन खोटं लिखं,” ती म्हणाली, सरळ, कडूपणा न ठेवता. “गिरणीनी खोटं लिखं. त्या कागदवर मन्हं नाव शे आन् बठ्ठं खोटं शे. मी बी आते खोटं सांगू, तं खरं सांगाले कोन राहिनं?” मग थोड्या वेळाने, “आन् माले येस ते माले येत नही, असं मी काबरं म्हनू? पंचेचाळीस वरीस तेच म्हनी राहिनती.”

आठ दिवसांनी गिरणीने जीवरामला खोट्या प्रमाणपत्राबद्दल कामावरून कमी केलं. त्याने खोली सोडायची तयारी केली, पण निकाल लागेपर्यंत फैजपूरला जायला त्याचं मन घेईना.

निकाल वैशाखात आला, शनिवारी दुपारी. सरकारी लखोटे, प्रत्येकीच्या नावाने एक, सगळ्यांत एकच मजकूर. पोस्टमनने चाळीच्या अंगणात नावं पुकारून ते वाटले. जीवरामला बातमी लागली आणि तो उन्हातून धावत गेला. पोचला तेव्हा बाया लखोटे हातात घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. झुलाल अमळनेरला गेला होता, रात्रीशिवाय यायचा नव्हता, आणि पुरुष माणसं पाळीवर होती.

“आणा, मी वाचतो,” जीवराम म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

सुगंधाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत वाईट काही नव्हतं. तिने लखोटा फोडला, आतला कागद काढला आणि तो धुरपदाबाईच्या हातात दिला. बाकीच्या तिच्याभोवती बसल्या. जीवराम पुढे केलेला हात मागे घेऊन कडेला उभा राहिला.

धुरपदाबाईने सुरुवातीपासून वाचायला घेतलं. सरकारी मराठी, लांब लांब वाक्यं, ती मध्ये श्वास घेई आणि पुन्हा धरी. ‘खालील अर्जदारांस मजकुराचे ज्ञान नव्हते असे दिसून आल्याने त्यांचे राजीनामे रद्द समजण्यात येत असून त्यांस पूर्ववत कामावर घ्यावे.’ मग नावं. एक, सुगंधाबाई. दोन, बेबाबाई. एकेक नाव ती ठळकपणे वाचत गेली, जिचं नाव आलं ती पदराने तोंड पुसत होती, कोणी हात जोडत होती. एकेचाळीसपर्यंत आली आणि तिथे नावं संपली. जीवरामला खालचा परिच्छेद लांबूनही दिसत होता. त्याला वाटलं, ती इथे थांबेल. थांबली असती तर खाली काय लिहिलंय हे बायांना कळलं नसतं, ती आणि तो सोडून त्या अंगणात ते कोण वाचणार होतं?

ती थांबली नाही. “अर्जदार क्रमांक बेचाळीस,” तिने त्याच आवाजात वाचलं, “हिला वाचता येते, हे आमच्यासमोर प्रत्यक्ष दिसून आले. ती हे नंतर शिकली, असे सांगणारा एकमेव साक्षीदार विश्वासार्ह नाही. सबब तिचा अर्ज फेटाळण्यात येत आहे.”

सुगंधाबाईला सगळा मजकूर समजला नव्हता, तिने हळूच विचारलं, “हाई कोननं शे?”

“मन्हं,” धुरपदाबाई म्हणाली. मग तिने कागदाच्या तळाशी राहिलेली तारीख आणि साहेबांचं नाव वाचलं, कारण अजून तेवढं उरलं होतं.